म्हैस मीठ खाते का?

माझ्या खिडकीपुढं आलेल्या माणसाला मी सगळ्यात आधी त्याची पिशवी पालथी करायला लावत असे. चिठ्ठी नंतर, दुखणं नंतर, आधी पिशवी. त्यावरून रिसोडच्या बाजारात माझं नाव ‘पिशवीबाई’ पडलं होतं. तोंडावर कोणी म्हणत नसे, एवढीच काय ती माझी अब्रू.

या अंकाच्या संपादिकाबाई म्हणाल्या, “आजी, नोकरीतलं काहीतरी लिहा. मुलींना प्रेरणा मिळेल असं.” प्रेरणेचं खातं माझ्याकडं कधीच नव्हतं. सत्तरच्या दशकात मी कशी होते ते सांगते. त्यातून कोणा मुलीला प्रेरणा मिळालीच, तर तिनं एकदा डॉक्टरला दाखवून घ्यावं.

अमरावतीहून औषधं तयार करण्याची पदविका घेऊन मी रिसोडला सून म्हणून आले. नवरा शाळामास्तर, सासर मूळचं केनवडचं, शेतकरी. बाजारपेठेत एका डॉक्टरसाहेबांचा खासगी दवाखाना होता, तिथं मला कंपौंडरचं काम मिळालं. ‘कंपौंडर’ म्हटलं की मला राग यायचा. म्हणून मी पांढरा कोट शिवून घेतला आणि त्याला भाताच्या पेजेची खळ दिली. वऱ्हाडातला उन्हाळा, त्यात तो कोट. मी खाली बसले तरी कोट उभाच राहायचा. खिशाला पेन, त्यात शाई नसायची. बाया मला बघून लेकरांना दटावायच्या, “रडशीन त थे सुईवाली बाई येईन!” माझ्या सगळ्या शिक्षणाचा तालुक्याला झालेला उपयोग पहिली दोन वर्षं एवढाच.

काम काय होतं, ते आजच्या पाकीटबंद गोळ्यांच्या काळात सांगावं लागेल. डॉक्टरसाहेब आत तपासायचे आणि चिठ्ठीवर खरडायचे. मी खिडकीमागं औषध बनवायची. खलात चूर्ण घोटायचं, पुड्या बांधायच्या, बाटलीत मिक्श्चर भरायचं आणि बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची, म्हणजे घरच्यांना एका वेळचा डोस कळायचा. हे कोणीही शिकलं असतं. मला स्वतःहून लागलेला नाद वेगळा होता, एका औषधाचं दुसऱ्याशी पटतं का ते बघायचा.

औषधं पाहुण्यांसारखी असतात. एकेकटे सगळे सज्जन. पण एकाच वेळी दोन पाहुणे एका खोलीत उतरले की कधी एक दुसऱ्याचं अंथरूण ओढतो, कधी दोघं मिळून घर डोक्यावर घेतात. मनाच्या आजाराची औषधं त्या वेळी नवीनच आमच्या भागात येत होती, आणि हे पाहुणे जरा जास्तच मानी. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांशी भांडतील, दम्याच्या औषधाशी भांडतील, दारूशी तर विचारूच नका. म्हणून प्रत्येकाला मी विचारायची, “आणखी काय घेता?” लोक म्हणायचे, “काई नाई.” मग मी म्हणायची, “पिशवी पालथी करा.” त्यातून विड्या निघत, सुपारी निघे, आणि शेजारणीला गुण आला म्हणून उसन्या आणलेल्या गोळ्याही निघत.

रांग तुंबायची. डॉक्टरसाहेब आतून ओरडायचे, “बाई, हा दवाखाना आहे, जकात नाका नाही!”

किन्हीराजाचे एक पाटील दर आठवड्याला कुठंतरी पडून यायचे. कधी ओसरीत, कधी बैलगाडीतून उतरताना. गावानं बाहेरचं ठरवलं होतं, उतारेही झाले होते. मी मात्र विज्ञानवादी. मी खिडकीतून मान बाहेर काढून त्यांचं तोंड हुंगलं. भर रांगेत! पाटील माळकरी होते. ते मागं सरकले आणि पुन्हा पडले. पिशवी पालथी केली तेव्हा आमची ब्लडप्रेशरची गोळी निघाली आणि तिच्याखाली अकोल्याच्या डॉक्टरनं दिलेली, मन शांत करायची. दोघी मिळून त्यांचं प्रेशर खाली ओढत होत्या. पाटील उठले की प्रेशर बसायचं. डॉक्टरसाहेबांनी आमची गोळी कमी केली, पडणं थांबलं. पाटलांनी मला कधी माफ केलं नाही, पण येताना तुरीची डाळ आणायचे.

ते एक जमलं आणि माझी मान आणखी ताठ झाली. पाटलांची गोळी निदान पिशवीत तरी होती, ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. बाकी घरांमधून मनाच्या गोळ्या पिशवीत नसतच. त्या नागपूरहून किंवा अकोल्याहून गुपचूप यायच्या आणि तांदळाच्या डब्यात, देवघराच्या फळीवर राहायच्या. माणूस दारू पितो हे सांगेल, पण मनाची गोळी घेतो हे सांगणार नाही. आणि माझी खिडकी होती भर रस्त्यावर.

कमलबाईंना मी ओळखत होते ते किराणा दुकानामुळं. शांतिलालशेठ दुपारी जरा लवंडले की कमलबाई गल्ल्यावर बसायच्या आणि पोरांना गुळाचा खडा जास्त द्यायच्या. हसतमुख, भरल्या अंगाच्या. घर जैनांचं. सासूला सगळा बाजार ‘मांजी’ म्हणे. थोरली मुलगी पुष्पा, तिचं लग्न हिंगोलीला जमलेलं, वैशाखातला मुहूर्त. होळीच्या सुमारास कमलबाईंचे पाय सुजत म्हणून डॉक्टरसाहेबांनी त्यांना लघवी वाढवायची गोळी दिली होती. आम्ही तिला ‘पाण्याची गोळी’ म्हणायचो.

चैत्रातल्या एका सकाळी शेठ आणि मांजी कमलबाईंना दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. बाईंचे हात इतके थरथरत होते की पाण्याचा पेला ओठापर्यंत पोचेना. चालताना पायात पाय अडकत होता. जीभ जड झालेली. उलट्या-जुलाब चालूच होते.

माझ्यापुढं आले तेव्हा मी कोटाची बाही ओढून, रांगेच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? झोपेच्या? डोक्याच्या? अकोल्याच्या, नागपूरच्या?”

रांगेनं कान टवकारले. शेठ म्हणाले, “नाई जी. काईच नाई.”

पिशवी पालथी झाली. पाण्याच्या गोळ्या, रुमाल आणि जपाची माळ. बाईंना ऊन बाधलं असं डॉक्टरसाहेबांना वाटलं, त्यांनी जुलाबाचं औषध दिलं. जाताना मांजींनी मागं वळून माझ्याकडं एकदा बघितलं. मला वाटलं, कौतुकानं बघतायत.

दुपारी मी घरी भाकर खात होते, तेव्हा मागच्या दारानं मांजी आल्या. भर उन्हात, एकट्या. पाट दिला तर बसल्या नाहीत.

“शिकलेली ना तू?” त्या म्हणाल्या. “मंग असं चौकात इचारते का कोनी? तिथं हिंगोलीच्या व्याह्याचा भाचा उभा होता रांगेत. काय सांगीन माह्या लेक?”

मी घास खाली ठेवला. मांजींनी पदराची गाठ सोडली आणि एक पाकीट माझ्या हातावर ठेवलं.

“ह्या घेते कमल. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरच्या. पुष्पा लहान असताना दुखनं झालं होतं तिले. कधी चार दिवस झोपेच ना, घरातल्या साड्या वाटत सुटे. कधी महिना महिना भिंतीकडं तोंड करून पडे. ह्या गोळ्यायनं मानूस परत आलं माह्यं. आता हात कापाले लागले, तं लेक म्हनते जुनंच दुखनं उलटलं. कालपासून एक गोळी जास्त देऊन राह्यला तिले. जीप सांगून ठेवली. उद्या पहाटे नागपूरले पागलखान्यात नेतो म्हनते.”

“आणि लग्न?”

“लग्न तुटलं त तुटलं. मले सून पाह्यजे.” दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. “पन तुटू नये असंबी पाह्य.”

पाकिटावर लिथियम लिहिलेलं होतं. आता इथं मी काहीतरी चमकदार आठवलं असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला आठवलं ते एवढंच की लिथियम जाळलं की लाल ज्योत दिसते. प्रयोगशाळेच्या परीक्षेत मला त्यात पैकीच्या पैकी गुण होते. बाई पेटवायची असती तर मी तयार होते.

डॉक्टरसाहेब दुपारची झोप घेत होते. मी पाकीट पुढं धरलं. ते ओरडतील असं वाटलं होतं, पण चष्मा लावून त्यांनी शांतपणे वाचलं आणि उठून बसले.

“हे औषध मी जन्मात कोणाला दिलं नाही,” ते म्हणाले. “आणि पाण्याची गोळी मीच दिली. पुस्तक काढा.”

आमचं जाड पुस्तक माझ्याहून वयानं मोठं. त्यात लिथियम होतं, पण सांधेदुखीवर. मनाचा उल्लेखच नाही. डॉक्टरसाहेबांनी पुस्तक मिटलं. “पाकिटावर नागपूरचा नंबर छापलाय. तुम्ही पोस्टात जाऊन ट्रंककॉल लावा, अर्जंट. मी पेशंटकडे जातो. जीप हलू देत नाही.”

त्या काळचा ट्रंककॉल म्हणजे गुपित नव्हे, सभा असे. पोस्टात तो काळा फोन मधोमध मांडलेला. नागपूरला ऐकू जायचं तर अर्ध्या रिसोडला ऐकू जाईल एवढं ओरडावं लागे. मनिऑर्डरीच्या रांगेतले लोक, बाकावरचे रिकामटेकडे, काच पुसायचं सोडून ऐकणारा शिपाई. आणि माझ्या बरोब्बर मागं कोण उभं? हिंगोलीच्या व्याह्यांचा भाचा. सकाळचाच. हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा.

कॉल लागला. माझ्या तोंडात ‘पेशंट’ हा शब्द आला होता, तो मी गिळला.

“हॅलो! रिसोडहून बोलते! आमची एक म्हैस आजारी आहे!”

“राँग नंबर,” पलीकडून आवाज आला. “मी माणसांचा डॉक्टर आहे.”

“माहीत आहे साहेब! ठेवू नका! तुमच्याच गोळ्या चालू आहेत तिला! लिथियमच्या!”

मग सावकाश आवाज आला, “म्हशीला.”

“हो साहेब! आणि पाय सुजले म्हणून इथं पाण्याची गोळी दिली. आता थरथरते. पाय अडखळतात. जुलाब आहेत.”

“लक्षात आलं. बोलते कशी?”

“बोबडी बोलते, साहेब!”

पोस्टमास्तरांचा शिक्का हवेतच थांबला.

नागपूरचा माणूस मोठा हुशार. तो एकदाही हसला नाही. “नीट ऐका. दोन्ही गोळ्या आत्ताच्या आत्ता बंद. आणि मला सांगा, म्हैस मीठ खाते का?”

“काय?”

“मीठ! मीठ! शरीरात मीठ कमी पडलं की शरीर हे औषध बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं. साठून साठून त्याचं विष होतं. पाण्याच्या गोळीनं मीठ आणखी जातं. घरी विचारा, मीठ कुठं कमी पडलंय. शिरेतून सलाइन द्या. हा जुना आजार नाही, कळलं? ही विषबाधा आहे. उतरेल. गुंगी वाढायला लागली तर मात्र थेट माझ्याकडे आणा.”

वेळ संपली, फोन तुटला. ‘हा जुना आजार नाही’ हे वाक्य मी ओंजळीत धरल्यासारखं धरून निघाले. मागून पोस्टमास्तर म्हणाले, “बाई, म्हैस कोनाची?”

“सासरची. केनवडची.”

“सरकीची ढेप बदलून पाह्यजा,” भाचा म्हणाला. गुणी मुलगा होता.

कमलबाईंच्या घरी डॉक्टरसाहेब खाटेशी बसले होते. शेठ उभे, पुष्पा ओला पंचा हातात घेऊन बसलेली. मी धापा टाकत विचारलं, “कमलबाई मीठ खातात का?”

मांजींनी कपाळावर हात मारून घेतला. “ओळी चालू हाय ना तिची!”

चैत्रातली आयंबीलची ओळी. व्रताचे ते नऊ दिवस जैन माणूस दिवसातून एकदा, एका बैठकीत जेवतो. नुसतं उकडलेलं धान्य. तूप नाही, तेल नाही, गूळ नाही, मसाला नाही, आणि मीठ नाही. प्यायला उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंतच. लेकीचं लग्न निर्विघ्न पार पडावं म्हणून कमलबाईंनी ओळी धरली होती. रिसोडच्या निम्म्या बाजाराला हे माहीत होतं. मलाही माहीत होतं! दुकानात त्यांनी मला हसत सांगितलं होतं. पण मी विचारत होते ते गोळ्या. जेवणाचं कोण विचारतं?

डॉक्टरसाहेबांनी बोटं दुमडत हिशेब लावला. घाम, उपास, जुलाब, त्यांची पाण्याची गोळी, बिनमिठाचं जेवण, आणि त्यावर मायेपोटी दिलेली एक जास्तीची गोळी. शेवटचं ऐकताना शेठ भिंतीला टेकून खाली बसले.

“शेठजी, उठा,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “तुमच्या गोळीच्या आधी माझी गोळी आहे. दोघं मिळून निस्तरू. सलाइन लावतो.”

सुई पुढं आली तशा कमलबाईंनी डोळे उघडले. जड जिभेनं विचारलं, “त्यात... काय राह्यते?”

मी ‘ग्लुकोज’ म्हणायला तोंड उघडलं होतं. डॉक्टरसाहेब खरं बोलून गेले, “मीठ.”

कमलबाईंनी हात ओढून घेतला. थरथरणाऱ्या हातात इतकी ताकद कुठून आली देव जाणे. “नाई. ओळी मोडन. पुष्पाचं... लग्न मोडन.”

शेठनं समजावलं, पुष्पा रडली. मी शिरेतून दिलेलं पोटात जात नाही, म्हणजे ते खाल्लं असं होत नाही, असं शास्त्र सांगितलं. कमलबाईंनी हात छातीशी घट्ट धरून ठेवला. सुई तशीच आणि डोळ्यांवरची गुंगी मात्र वाढत चाललेली. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली, की औषध सापडूनही बाई हातची जाईल.

मग मांजी पुढं आल्या. खाटेवर बसल्या, सुनेचं तोंड आपल्याकडं वळवलं.

“कमल, पच्चक्खान कसं घेतलं सकाळी? माह्यासंगच घेतलं ना? म्हन.”

व्रताचा रोज सकाळी घ्यायचा नेम, तो प्राकृतात असतो. कमलबाईंचे ओठ हलायला लागले. मांजी सोबत म्हणत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

“हे काय म्हनलं आता आपन? भारी दुखनं आलं आन् जीव थाऱ्यावर राहत नसन, तं औषध घ्याची मोकळीक हाय. व्रत मोडत नाई. हे मी सांगून राह्यली का? बांधनाऱ्यानंच बांधून ठेवलं थे. रोज म्हनते आन् ध्यान कुठं राह्यते तुहं?”

कमलबाईंची छातीवरची मूठ जरा सैल झाली.

“राह्यलेली ओळी मी पुरी करतो तुह्या नावानं. हात दे त्याले.”

कमलबाईंनी हात दिला.

बाटली खुंटीला टांगली. दिवस मावळायच्या आत पुष्पानं चमच्या-चमच्यानं पाणी पाजलं. गुंगी वाढली नाही. जीप सकाळी रिकामी परत गेली, आणि शेठनं जीपवाल्याला चहा इतका आग्रहानं पाजला की त्याला वाटलं याला सवारी नको होती की काय. मग थेंबाथेंबानं बाई परत यायला लागल्या. आधी जीभ सुटली, मग पाय सरळ पडायला लागले. थरथर सगळ्यात शेवटी गेली. हिंगोलीचे पाहुणे बस्त्याला आले, त्यांना ऊन लागलं म्हणून सांगितलं, आणि ते काही खोटंही नव्हतं. पुढं नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून गोळी पुन्हा सुरू केली, कमी करून. पाण्याची गोळी कायमची बंद.

भाच्यानं पोस्टातला किस्सा सगळीकडं पसरवला होता. हिंडूफिरू लागल्यावर कमलबाई खिडकीशी आल्या, आजूबाजूला बघून म्हणाल्या, “मी कोनती म्हैस हो बाई? मुऱ्हा का नागपुरी?”

माझा कोट हसताना प्रथमच चुरगळला.

दवाखान्यात एक बदल झाला. डॉक्टरसाहेबांनी स्वतः खिळे ठोकून खिडकीमागं एक बाक टाकला आणि बायकोच्या जुन्या लुगड्याचा पडदा लावला. “जकात नाका आत हलवला,” म्हणाले. तिथं मी हळू आवाजात विचारायची: गोळ्या काय, उपास काय, घरातल्या डब्यात काय. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची एक बाई तर अख्खा तांदळाचा डबाच डोक्यावर घेऊन आली. पडद्याआड लोक बोलायचे. आणि मग मला आठवायचे ते लोक, जे पडद्याआधी रांगेत उभे राहून ‘काई नाई’ म्हणून निघून गेले. त्यांच्या घरी काय झालं असेल, ते मला कधी कळलं नाही. तेवढी एक रुखरुख अजून आहे.

आता मीच पाण्याची गोळी खाते. नात येते ती आधी माझी पिशवी पालथी करते आणि लोणच्याची पुडी जप्त करते. तिच्याही अंगात पांढरा कोट असतो. तिला मी एकदा सांगणार आहे, इस्त्री जरा कमी कर.

पुष्पाचं लग्न वैशाखात लागलं. पंगत मांडवात बसली, मी डॉक्टरसाहेबांच्या घरच्या बायकांबरोबर. पत्रावळीवर मीठ वाढायचं काम कोणीही पोर करतं, पण मिठाची वाटी घेऊन नवरीची आई स्वतः येताना दिसली. शेजारी व्याहीण, पलीकडं तो भाचा, सगळ्यांच्या देखत कमलबाई एकेका पानापुढं वाकत, चिमूट टाकत पुढं येत होत्या. माझ्या पानाशी आल्या. मी त्यांच्या हाताकडंच बघत होते. पत्रावळीच्या कोपऱ्यात मिठाची एवढीशी ढिगुली पडली, एक कण इकडं नाही, तिकडं नाही.

त्या माझ्या कानाशी वाकल्या.

“नागपूरले कळवून टाकजा बाई,” म्हणाल्या. “म्हैस मीठ खाऊन राह्यली.”